निवडून निवडून हेच गॅरेज

ठोकलेली गाडी दुरुस्तीला कुठे टाकायची हे माणूस तीन गोष्टी बघून ठरवतो. काम कसं, वेळ किती लागेल आणि मालक कसा. मीही तेच बघितलं, पण तिन्ही बाबतींत जे सगळ्यात वाईट तेच निवडलं, आणि शुद्धीत असताना निवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या तळा गावात सगळ्यांना वाटतं की मी बाईमाणूस म्हणून फसले. वाटू दे.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. जन्मभर शाळेत गुरुजी. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले तेही स्वतः गाडी चालवत. घरात आम्ही दोघंच. मी इथल्याच हायस्कूलच्या ऑफिसात कामाला, आणि बाबा दिवसभर गाडीला. रोज फडका मारायचे, रोज एक चक्कर. मी विशीत असताना एकदा म्हटलं होतं की मलाही शिकवा, तर म्हणाले, "तू मागे बस, तेवढं जमलं तरी पुष्कळ." मी मागेच बसत आले. पुढे माझी पन्नाशी आली तरी मागेच.

त्या वर्षी वैशाखात मुरुडच्या आत्याला भेटून आम्ही पलीकडे दिघीला नातेवाइकांच्या वास्तुशांतीला निघालो होतो. आगरदांड्याच्या जेटीवर गाडी बोटीत उलटी चढवावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. बाबांची मान वर्षभरापासून डावीकडे वळत नव्हती. बोटीवरचा माणूस हात दाखवत होता, "या, या, या, बस," आणि त्या "बस"ला बाबांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलेटर दाबला. मासळीची पाटी घेतलेली एक बाई मागे उभी होती. ती कडेला झाली, तिची चप्पल गाडीखाली राहिली, आणि आमची डिकी बोटीत आधीच चढलेल्या जीपवर जाऊन बसली. मग घाबरून बाबांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी उतारावरून वर सुटली ती थेट जेटीच्या सिमेंटच्या खांबावर. मागे डिकी गेली, पुढे रेडिएटर.

बाबांचं मनगट मुरगळलं होतं. ती बाई एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होती. बाबा काच खाली करून तिला म्हणाले, "बघून उभं राहता येत नाही का?"

मला त्यांची इतकी लाज वाटली आणि इतका राग आला की हा माणूस यापुढे गाडीला हात लावणार नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

आता कुणी म्हणेल, मग तसं सांगायचं सरळ. आमच्या घरात ती पद्धतच नाही. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, नाही म्हणायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. आजोबांची विडी डॉक्टरने बंद केली, आणि त्या डॉक्टरला आदल्या दिवशी बाबांनीच जाऊन पढवून ठेवलं होतं. आजीचं माहेरी जाणं भटजींनी दिशा वाईट आहे म्हणून थांबवलं, त्यांनाही बाबांनीच सांगितलं होतं. म्हणजे विद्या मी घरातच शिकले. मला फक्त एक तोंड शोधायचं होतं.

गाडी क्रेनने माणगावला आणून ठेवली होती. मी रजा टाकली आणि गॅरेजं बघत फिरले. बाबांचं मनगट बांधलेलं, त्यामुळे ते घरीच होते.

पहिलं कंपनीचं वर्कशॉप. काचेचं केबिन, थंड पाणी, गळ्यात टाय. आठ दिवसांत गाडी नव्यासारखी, विम्याचे कागद आम्ही करू, घरपोच आणून देऊ. मी पाणी प्यायले आणि उठले. दुसरं एका म्हाताऱ्या कारागिराचं. लोक त्याला चाचा म्हणत. तो डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि पोचा कुठे आहे ते सांगायचा. म्हणाला, "पंधरा दिन, बेटी. सोळावा नाही." असा माणूस बघितला की खोटं बोलायला सांगायची हिंमत होत नाही. त्याला मी फोन करते म्हणून सांगितलं. केला नाही.

तिसरं हायवेच्या कडेला, पत्र्याची शेड. या मालकाची माणगावपासून म्हसळ्यापर्यंत ख्याती होती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आवारात गाड्यांच्या चाकांवर वेल चढले होते आणि एका जीपच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक गोड हसत पुढे आला. मी विचारलं, किती दिवस लागतील.

"चार दिवसांत देतो, ताई."

तिथे ताटकळत उभं असलेलं एक गिऱ्हाईक माझ्याकडे कीव करून बघायला लागलं. मी मालकाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "चार दिवसांत नको. देऊच नका. माझे वडील विचारायला येतील, त्यांना तुमचं नेहमीचं सांगत राहा. थकून गाडीचं नाव सोडतील तोवर." त्याला आधी वाटलं विम्याची काहीतरी भानगड आहे. मी जेटीवरचं सगळं सांगितलं. तो कान खाजवत म्हणाला, "म्हंजे मी काय येगळं करायचंच न्हाय." मी म्हटलं, नाही. खुशीत घरी आले. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

मनगट सुटल्यावर बाबा जायला लागले. सोमवारी आणि गुरुवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळच्या एसटीने. परत आले की मला सविस्तर सांगत. डिकीचा पत्रा पुण्याहून यायचाय. आला, पण चुकीचा आला. मग पाऊस लागला, पावसात रंग वाळत नाही. मग गणपती, सगळे चाकरमानी गाड्या घेऊन उतरले, त्यांचं काम आधी. मग रंगारी नवरात्राला गावी गेला. मी भाकरी थापत ऐकायचे आणि "अरेरे" म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. जन्मभर दुसऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलेला माणूस कुणाच्या तरी दारात उभा होता.

बाबा मला दोष द्यायचे नाहीत. उलट समजूत घालायचे. "तुला गाड्यांतलं कळत नाही, त्यात तुझी काय चूक. कंपनीत टाकायला हवी होती." मी म्हणायचे, "हो ना."

हळूहळू त्यांचं हसं व्हायला लागलं. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "गुरुजी, आज मिळणार वाटतं गाडी?" बाजारात त्यांचेच जुने विद्यार्थी विचारायचे. बाबा सगळ्यांना खरं समजून उत्तर द्यायचे, पत्रा, पाऊस, रंगारी. माझ्या ऑफिसातला शिपाई एकदा चहा ठेवताना हसला. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

नवरात्र झाल्यावर एकदा ऑफिसच्या कामाने माणगावला गेले आणि गॅरेजात डोकावले. गाडी विटांवर उभी होती, चाकं नाहीत, बॉनेट नाही. आत बाबा बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. बाहेर दोघं-तिघं बिड्या ओढत बघत होते. एकजण म्हणाला, "गुरुजी, पुढं घाट हाय, सावकाश." सगळे खो खो हसले. बाबाही थोडं हसले, कारण काय करणार.

मी त्यांना दिसू दिलं नाही. शेडच्या मागे जाऊन मालकाला गाठलं. मला वाटलं होतं तो मजेत असेल. तो माझ्यावरच उखडला.

"ताई, ह्ये मला जमायचं न्हाय. मी लोकांशी खोटं बोलतो ते काम होत न्हाय म्हनून. तुमच्यापायी काम होत असून खोटं बोलतोय. म्हातारा येतो, डब्यातली अर्धी भाकर मला देतो. मला गिळत न्हाय."

"अजून थोडे दिवस," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत."

त्याने पाना जमिनीवर टाकला आणि आत निघून गेला. अख्ख्या तालुक्यात ज्याच्या शब्दावर कुणी चार आण्यांचा विश्वास ठेवत नाही, त्या माणसाने माझी लाज काढली. मी तरी एसटीत बसून घरी आलेच.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी दारात हॉर्न वाजला. गॅरेजवाला स्वतः गाडी घेऊन आला होता. मला न विचारता त्याने सगळं काम करून टाकलं होतं, आणि काम इतकं सुरेख की कुठे ठोकली ते शोधूनही सापडेना. त्याने चावी बाबांच्या हातात दिली, माझ्याकडे बघितलंही नाही.

बाबा लगेच आत बसले. आमच्या अंगणातून रस्त्यावर जायला थोडा चढ आहे. त्यांनी क्लच सोडला, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. शेजारचे कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले. तिसऱ्या वेळी गाडी मागे घरंगळली आणि गॅरेजवाल्याने खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला. सहा महिन्यांत बाबांच्या पायांची सवय गेली होती. मला हवं होतं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं.

बाबा उतरले. शर्ट नीट केला. म्हणाले, "क्लच बरोबर बसलेला नाही. परत घेऊन जा."

गॅरेजवाल्याने गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, "व्हय गुरुजी. माझीच चूक. नेतो." चढ त्याने एका दमात काढला. आवाज वळणापर्यंत ऐकू आला आणि थांबला.

आत येऊन मी चहा टाकला. बाबा खुर्चीत बसले होते. कप हातात घेतल्यावर म्हणाले, "इंजिन चांगलं लागलंय आता."

मी माझा चहा बशीत ओतला.

"तू त्याला किती दिवस सांगितले होतेस?"

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. "तुम्हाला त्याने सांगितलं?"

"नाही. तो लबाड माणूस आहे, बाकीच्यांशी डोळ्यांत बघून खोटं बोलतो. माझ्याशी बोलताना खाली बघायचा. पावसाच्या आधीच कळलं मला. असले उद्योग मीही केलेत, दुसऱ्याला पढवायचे."

"मग जात का होतात दर आठवड्याला? लोक हसत होते."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "वाट बघत होतो. म्हटलं, एवढं हसं झालेलं बघून तरी तू मला तोंडावर सांगशील."

मग मी सांगितलं. ज्या दिवशी सांगायचं होतं त्याला सहा महिने उलटून गेले होते, आणि आता सांगायची काही गरज उरली नव्हती, तेव्हा सांगितलं.

"बाबा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही."

"बरं," बाबा म्हणाले.