आधी हार, मग व्हिसा

हार घालायच्या आधी तो चपला काढायचा. देवळाबाहेर काढतात तशा, नीट जोडीने कडेला ठेवायचा. मग आखातात निघालेल्या माणसाच्या गळ्यात निर्मळच्या वाडीतल्या फुलांचा हार घालून दोन पावलं मागे सरायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "वसईचं नाव काढा." भोवतीच्या बायका डोळे पुसायच्या. मी कधी पुसले नाहीत. मला तो माणूस पहिल्यापासून आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकात उमेळ्याकडच्या वाड्या तुटून इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका इमारतीत तो तळमजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी सोसायटीची सेक्रेटरी. टाकी धुण्यापासून गणपतीच्या मंडपापर्यंत सगळ्याची यादी करून कामाला लागणारी. त्याला काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "होऊन जाईल, मॅडम." असा एखादा माणूस तुमच्याही शेजारात असेल. सफारी, अत्तर, प्रत्येक बाई मॅडम, प्रत्येक पुरुष साहेब. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची भाजीची पिशवी तो वर नेऊन द्यायचा. तेही मला खटकायचं, कारण जिन्यात तो कोणाच्या घरी कोण शिकलंय आणि कोण रिकामं बसलंय याची चौकशी करून घ्यायचा.

स्टेशनजवळ त्याचं परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस होतं. माझी धाकटी बहीण मंदा आमच्याकडेच राहायची. शिकलेली नर्स, मुंबईच्या एका इस्पितळात नोकरीला. तिकडच्या मोठ्या इस्पितळात नर्सची जागा आहे म्हणून त्याने तिचा इंटरव्ह्यू करवला, निवड झाली म्हणून सांगितलं, पासपोर्ट ठेवून घेतला आणि राजीनामा द्यायला लावला. व्हिसा आला का, असं मी रोज विचारायचे. तो रोज म्हणायचा, होऊन जाईल.

व्हिसा यायच्या आधीच निरोपाचा रविवार ठरला. ठरवला त्यानेच. खाली खुर्च्या मांडल्या, नारळ फुटला, शेजारणींनी ओटी भरली. चपला काढून हार त्याने घातला. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं की हे उलटं चाललंय. त्याला वाटलं, मला रडू आवरत नाही.

मग व्हिसाची झेरॉक्स आली. सगळी अरबीत. पासपोर्ट विमानतळावर देतो, तशीच पद्धत आहे, असं तो म्हणाला. मी झेरॉक्स माझ्या ऑफिसला नेली. तिथल्या एका सहकाऱ्याला अरबी वाचता यायचं. त्याने दोनदा वाचली आणि विचारलं, "बहीण नर्स आहे ना? मग यावर घरकामाची बाई का लिहिलंय?"

दुसऱ्या दिवशी मी मंदाला घेऊन त्याच्या ऑफिसात गेले. त्याने चहा मागवला. जराही गडबडला नाही. म्हणाला, नर्सचा व्हिसा काढायचा तर सर्टिफिकेटवर किती ठिकाणचे शिक्के लागतात, त्यात वर्ष जातं, सगळे असेच जातात, तिकडे गेल्यावर बदलून मिळतं. विमान वर गेलं की सगळे सारखे. मी म्हटलं, आमचं वर्ष गेलं तरी चालेल. तेव्हा त्याने माझा नाद सोडला आणि मंदाकडे वळला.

"ताई, अख्ख्या बिल्डिंगने तुम्हाला निरोप दिलाय. उद्या खाली भाजी आणायला कशा उतरणार?"

हार आधी का घालतो, ते मला तिथे कळलं. गळ्यात हार पडलेला माणूस मागे फिरत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. त्याचा सगळा धंदा त्या एका लाजेवर उभा होता.

मंदाने चहाचा कप खाली ठेवला. "उतरेन," ती म्हणाली. "पासपोर्ट द्या."

पासपोर्ट इथे नाही, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग येईपर्यंत बसतो. आणि बसलो. गिऱ्हाइकं यायची, आम्हाला बघायची, आणि त्याला मोकळेपणी थापा मारता यायच्या नाहीत. दुपारी जेवणाच्या वेळेला पासपोर्ट त्याच्याच खणातून निघाला.

मंदा भाजीला उतरली. "काय गं, गेली नाहीस?" असं प्रत्येक जिन्यात विचारलं गेलं. मोलकरीण म्हणून पाठवत होते, हे तिच्या तोंडून निघेना. तब्येतीच्या तपासणीत काहीतरी निघालं, एवढंच ती सांगायची. मी खरं सांगायला तोंड उघडलं की माझा दंड दाबायची. इस्पितळाने तिला परत घेतलं नाही. एका दवाखान्यात तिने कमी पगारावर काम धरलं. आणि तो माणूस जिन्यात भेटला की तिची तब्येत विचारायचा. हसून.

पुढे एका शनिवारी टेम्पो आला आणि त्याचं सामान गेलं. ऑफिसला कुलूप. कोणाला पत्ता नाही, सोसायटीलाही नाही. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

महिन्याभराने अर्नाळ्याची एक कोळीण त्याला शोधत आली. खालच्या बंद दारापाशी उभी होती, म्हणून मी तिला वर आणलं, पाणी दिलं. तिची मुलगीही नर्स. मंदाने पासपोर्ट परत घेतल्यानंतर त्यानेच पाठवलेली. कुठल्याशा घरात आहे, इस्पितळात नाही. आधी रडत फोन करायची, आता फोनच येत नाही. मंदाच्या निरोपाचं तिला खालीच कोणीतरी सांगितलं होतं.

मंदा दवाखान्यातून नुकतीच आली होती. बाईने तिला विचारलं, "तूबी त्याच्याकडूनच जानार होतीस ना? मंग का नाय गेलीस?"

मी मंदाकडे पाहिलं. तिने पर्स ठेवली, बाईच्या समोर बसली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं, व्हिसावरचं ते 'घरकामाची बाई'सुद्धा.

ऐकून झाल्यावर बाई पदर सावरून उठली.

"तुला ठाऊक व्हतं," ती मंदाला म्हणाली, "मंग खाली उभी राहून वरडली का नाय?"