रोवण्यातली गैरहजेरी

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी बहात्तर वर्षांचा होतो. रोवणा, म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी, अर्ध्यावर आला होता आणि मी शाळेच्या बाईंशी भांडायचं ठरवूनच घरून निघालो होतो.

माझं शिक्षण दुसरी. तेही पुरं नाही. पण अक्षर ओळखतो, सही करतो, आजवर कुठं अंगठा लावला नाही. हे लिहितो आहे तेही माझ्याच हातानं. एका पानाला अख्खा दिवस लागतो, लागू द्या.

भांडणाचं कारण माझी नात. चौथीत आहे. आदल्या दिवशी ओसरीत बसलो असताना मी तिला सहज विचारलं, "धानाच्या रोपाच्या साठ जुड्या हायेत. चार बांध्याईत सारख्या टाकाच्या. एकीत किती पडतीन?"

ती जमिनीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आबाजी, भागाकार मले येत नाई."

"चौथीत अन् भागाकार येत नाई?"

माझं डोकं फिरलं. आमच्या वेळी शाळा म्हणजे कवेलूचं छप्पर आणि शेणानं सारवलेली भुई. आता फरशी आहे, भिंतीवर टीव्ही आहे, पुस्तकं फुकट, ड्रेस फुकट, दुपारी खिचडी. एवढं सगळं असून पोरीला भागाकार येत नाही, म्हणजे बाईच शिकवत नसतील. दुसरं काय? असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. रोवण्याचे दिवस म्हणून बाईंनी ती संध्याकाळी ठेवली होती. बाया बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, तशाच आल्या होत्या, पायाला चिखल घेऊन. बाई बाहेरच्या जिल्ह्यातल्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्या बोलायला उठत होत्या, तेवढ्यात मीच उभा राहिलो.

"मॅडम, तुमी शिकवून राहिले का नुसता टाइम काढून राहिले? चौथीतल्या पोरीले भागाकार येत नाई. कायले भरवता ही शाळा?"

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या आत गेल्या, हजेरीचं बुक घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं.

"आबाजी, तुम्हीच बघा. तुम्हाला वाचता येतं."

मी चष्मा लावला. नातीचं नाव सापडलं. नावापुढं लाल खुणा होत्या, गैरहजेरीच्या. बोट ठेवून मोजत गेलो. पंधरावर थांबलो. पुढं अजून होत्या.

"भागाकार याच दिवसांत झाला," बाई म्हणाल्या. "दोनदा घरी निरोप पाठवला मी. तिला पुन्हा शिकवीन, दहा वेळा शिकवीन. पण माझ्यासमोर बसायला ती हवी ना?"

ती कुठं असते ते मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पोरगा चिखलणीच्या ट्रॅक्टरवर, सून रोवण्याच्या टोळीत. नातू आठ महिन्यांचा. नात त्याला घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते. तो रडला की सून चिखलातून वर येते, हात धुते, त्याला पाजते आणि पुन्हा रोवायला उतरते. आमच्याकडे घरोघरी असंच चालतं. मोठ्या पोरीनं धाकटं लेकरू धरायचं, रोवणा होईपर्यंत.

पण मी हार मानणारा माणूस नाही. म्हणालो, "मंग लेकरू कोण पाहील जी? पाणी पडून राहिलं तं रोवणा थांबते का शाळेसाठी?"

मागून माझ्या चुलतभावाची बायको बोलली. ती त्याच टोळीत रोवते, माझ्याच वयाची आहे, तोंडाची तिखट.

"काऊन भाऊजी, तुमी हाये ना. दिवसभर पारावर पत्तेच तं कुटता."

बाया हसल्या.

"माहे गुडघे दुखतेत," मी म्हणालो.

"पत्ते वाटाले हात नाई दुखत?"

आता गडीमाणसंही हसली. मी तापलो. "गड्यामाणसाचं काम हाये का ते?"

"मंग ते पोरीचं तरी हाये का? नऊ वर्साची हाये ते."

कोणी हसलं नाही. मी बुक बाईंना परत दिलं आणि घरी आलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो, बायकोलाही सांगितलं, की मास्तरनं छडीनं मारलं म्हणून मी शाळा सोडली. मास्तरनं मला कधी बोटही लावलं नाही. मी दुसरीत असताना रोवण्याला बापानं मला म्हशींमागं पाठवलं. रोवणा झाल्यावर शाळेत गेलो तर पोरं हातच्याच्या बेरजा करत होती. मला हातचा म्हणजे काय ते कळेना. मास्तरनं फळ्याजवळ बोलावलं. मी खडू धरून जमिनीकडे पाहत उभा राहिलो, पोरं हसली, आणि दुसऱ्या दिवशी मी आपणहून म्हशी चरायला सोडल्या. शाळेच्या रस्त्यानं पुन्हा गेलो नाही. मास्तरच्या छडीची गोष्ट मी मागून बनवली. मार खाल्ला म्हणून सोडली, हे सांगायला बरं वाटायचं.

आणि नात आदल्या दिवशी जमिनीकडे पाहत होती, अगदी तशीच.

जेवताना सुनेला सांगितलं, "उद्यापासून लेकरू माह्याकडं. पोरगी शाळेत जाईल."

सुनेचा हात थांबला. "मामाजी, तुमच्यानं होईल का? तो मुतते, रडते. पाजाले बांधीवर आणा लागते."

"पन्नास वर्सं बैल सांभाळले. याले काय शिंगं हायेत?"

"लोक हासतीन."

"आजच हासले ना? झालं तं मंग."

नात आईच्या मागून हळूच म्हणाली, "आबाजी, त्याले डाव्या खांद्यावर घ्याचं. उजव्यावर रडते तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला डाव्या खांद्यावर घेतलं, नातीला पुढं घातलं आणि आधी शाळेत गेलो. बाई दारातच होत्या. कालचं काही बोललो नाही, मला ते येत नाही. एवढंच म्हणालो, "मॅडम, साठ जुड्या अन् चार बांध्या. तिथून सुरू करा." बाईंनी नातीला पहिल्या रांगेत बसवलं. तिनं दप्तर उघडेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो.

मग बांधीची वाट धरली. वाट पारावरून जाते. पत्त्यांचा डाव मांडला होता, माझी जागा रिकामी होती. माझा नेहमीचा जोडीदार ओरडला, "का बे बुढ्या, दाई झालास का?"

"झालो," मी म्हणालो. "तुही नात कुठं हाये आज? शाळेत का धुऱ्यावर?"

तो पत्ते पाहू लागला. नातवानं माझा खांदा ओला केला. मी धोतराचा सोगा वर खोचला आणि धुऱ्यावर चढलो.