डिकीतलं नरसाळं
काल जावयाच्या डिकीत माझं जुनं नरसाळं दिसलं आणि नातीच्या बारशाची सकाळ आठवली. बारसं कल्याणला, सुनेच्या माहेरी. नाव ठेवणारी आत्या, म्हणजे माझी लेक, इकडे दिवा गावात आमच्या दारात नटून उभी. आणि जावयाची आपोआप गिअर बदलणारी गाडी नुसती घुरघुरत होती, पुढे सरकत नव्हती. जावयाने इंजिन बंद करून गिअरच्या तेलाची पट्टी ओढून पाहिली. "तेल भरपूर आहे, आई." मी रोज बिल्डिंगच्या टाकीत काठी घालून पाणी बघणारी. म्हटलं, "पंप बंद असला की खालची टाकी भरलेलीच दिसते. इंजिन चालू ठेवून बघा, जावईबापू." "आई, हे पाणी नाही हो." "बघा तर!" बघितलं, तर पट्टीच्या टोकाला जेमतेम थेंब. मग मी स्वयंपाकघरातलं नरसाळं आणलं. त्यांनी डिकीतून गिअरच्या लाल तेलाचा डबा काढला आणि पट्टीच्याच नळीत थोडं थोडं ओतत, पुन्हा पुन्हा पट्टी पुसून बघत खुणेपर्यंत आणलं. गाडी अशी सुटली की लेक आतून ओरडली, "अहो, आई राहिली!" पाळणा आमच्यासाठी थांबलेला होता, नाव आत्यानेच ठेवलं. जावई मात्र सगळ्यांना सांगत होते, "गाडी मीच दुरुस्त केली." सांगू देत. आजही पट्टी बघायची झाली की ते मला फोन लावतात आणि आधी चालू इंजिनाचा आवाज ऐकवतात.