तांबड्या अळ्यांचा गाळ

मी सांगलीत एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते; म्हणजे वर्षातले दहा महिने फळ्यापुढं आणि उन्हाळ्यात कृष्णेच्या चिखलात. नदी आटली की पलीकडच्या काठाला गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्यातल्या अळ्या, गांडुळं, गोगलगाई मोजायच्या, एवढंच माझं संशोधन. घरचे त्याला 'किडे चाळणं' म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

तिथवर मला नेणारे एक मामा होते. नात्याचे नव्हेत, नदीवर जाळं टाकणारे. गूळ करायच्या जुन्या काहिलीची त्यांनी होडी केली होती. उन्हाळ्यात डोहात मासे टिकणार का, हे ओळखायची त्यांची वडिलांपासूनची रीत होती. मूठभर गाळ काढून तळहातावर पसरायचा. तांबड्या अळ्या वळवळल्या की माशांना खाणं भरपूर, डोह चांगला.

त्या वर्षी अळ्यांनी त्यांचा तळहात लाल दिसत होता. लोणंदच्या एका कारखान्यात त्यांना वॉचमनचं काम चालून आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मामींना जायचं होतं, मामांचा पाय निघत नव्हता. त्यांनी तो हात माझ्यापुढं धरला.

"बाई, तुमी शिकल्यालं मानूस. गाळ जिता हाय न्हवं?"

मला माहीत होतं. वरच्या नाल्यातून घाण येत होती, पाणी थांबून तापलं होतं. अशा गाळात जिवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तांबड्या अळ्या त्याच जिवाणूंवर पोसतात आणि मासा गुदमरतो तिथंही तग धरतात. माझ्या चाळणीत एकही गोगलगाय नव्हती, शिंपल्यांची नुसती टरफलं होती. पण इतक्या अळ्या मला आजवर कधी मिळाल्या नव्हत्या, मी खुशीत होते. शिवाय मामा लोणंदला गेले तर मला पलीकडं कोण नेणार, हाही विचार मनात आला. तो आला हे मी लपवत नाही.

"लय जिता हाय, मामा," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले. त्यांनी लोणंदला 'येत नाही' म्हणून कळवलं.

आठच दिवसांत, एका ढगाळ, उकाड्याच्या सकाळी डोहातले सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. मी गेले तेव्हा मामी नाकाला पदर लावून मेलेले मासे पाटीत भरत होत्या. लोणंदची जागा तोवर भरली होती. मी गाळ उकरून पाहिला. अळ्या मजेत होत्या. मला माझीच किळस आली.

मामा काठावर बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, हे तुमाला तवा ठावं हुतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आमाला तरी कसं कळावं," असं म्हणून ते उठले, आणि नमुने घ्यायला मला पलीकडं घेऊन गेले.