साडेतीन वळसे

तापलेल्या धुळीला एक गंध असतो. जुन्या रेडिओचे बटन फिरवावे, काचेमागे पिवळसर दिवा लागावा, त्या उजेडात कोलंबो, इंदूर, हैदराबाद, लाहोर अशी कधीही न पाहिलेली नगरे उजळून निघावीत, आणि तरीही ध्वनी मात्र येऊ नये. आतल्या काचनळ्या तापेपर्यंत साऱ्या घराने एक मिनिट थांबावे, आणि त्या मिनिटात मागच्या जाळीतून धूळ, मेण व वार्निश यांचा मिळून झालेला एक उबदार वास हलकेच खोलीत पसरावा! आमच्या घरी त्या मिनिटाचे जणू एक व्रतच होते. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबत. शाळेची घंटा माझ्या घड्याळावर चाले आणि माझे घड्याळ रेडिओवर, म्हणून माझे मनगट पुढे येई. आणि माझे वडील, ज्यांना आम्ही बाबा म्हणतो, आपला उजवा तळहात रेडिओच्या लाकडी माथ्यावर ठेवून बसत. लाकडात ऊब उतरली की ते म्हणत, "आलं." आणि खरोखरच पुढच्या क्षणी आवाज येई.

वस्तूचे वर्णन करताना आधी तिचे कार्य, मग तिचे भाग आणि शेवटी तिचा उपयोग सांगावा, असे मी वर्गात शिकवितो. कार्य सर्वांना ठाऊक आहे. भाग म्हणाल तर मुख्य भाग त्या पाच काचनळ्यांचा, ज्यांना कारागीर व्हॉल्व्ह म्हणतात. उपयोग मात्र मला फार उशिरा उमगला. जऊळक्याच्या स्टेशनाजवळच्या आमच्या गावात, नुकतीच वीज आलेल्या घरात, हा रेडिओ आला तेव्हा तो बातम्यांपुरता होता. पुढे काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेला, बियाणे मुठीने आणि सरी पावलाने मोजणारा तो माणूस ओसरीच्या खांबाला टेकून नुसता बसू लागला. ताट पुढे आले की जेवी, उचलले की हात धुवी. दृष्टी गेलेल्या माणसाला अंधाराहून अधिक काय जाचत असेल? मला वाटते, प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी हाक मारावी लागणे.

एके दिवशी शाळेतून परतलो तो दारातच नागपूर केंद्रावरची गाणी कानी पडली. माझी पत्नी सुशीला विहिरीवर गेली होती. घरात बाबा एकटेच. त्यांनी स्टेशन लावण्याची मूठ डावीकडे अडेपर्यंत फिरविली होती आणि तेथून उजवीकडे मोजीत आणली होती. साडेतीन वळसे. काचेवरची नावे त्यांना पूर्वीही वाचता आली नव्हती. आता त्यांची गरजच उरली नाही. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली. तेव्हापासून रोज दुपारी ते उठत, भिंतीच्या आधाराने रेडिओपाशी जात, आणि कुणालाही हाक न मारता नागपूर गाठीत.

गेल्या हिवाळ्यात रेडिओचा आवाज थकू लागला. मी तो वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतला आणि मालेगावला बस बदलून रिसोडला करीमभाईंकडे नेला. करीमभाई हे आमच्या पंचक्रोशीचे रेडिओ-कारागीर. त्यांनी मागची जाळी काढली, फुंकर मारली आणि निदान सांगितले, की एक नळी मरणपंथाला लागली आहे आणि त्या नंबराची नळी आता बाजारात येत नाही. मिळाली तर दुसऱ्या मेलेल्या रेडिओतली. त्यापेक्षा आतले सारे काढून ट्रान्झिस्टरची प्लेट बसवावी. खोका तोच राहील, कर्णा तोच राहील, बटन फिरविताच आवाज येईल, तापण्याची भानगड नाही. मी विचारले, काचेवरची नगरे आपापल्या जागी राहतील का? ते हसले. नव्या प्लेटचे माप निराळे, मूठ निराळी. काच आता शोभेपुरती.

म्हणजे साडेतीन वळसे जाणार!

मी रेडिओ पुन्हा वाकळेत बांधू लागलो. करीमभाईंनी मरणोन्मुख नळीचे पाय खरवडून तात्पुरती सोय करून दिली, आणि पेचकस खिशात ठेवीत म्हणाले, "मास्तर, पोराईले दरसाल वरच्या वर्गात घालता, अन् रेडिओले एकाच वर्गात बसवून राह्यले?"

ही थट्टा माझ्या मनात बाभळीच्या काट्यासारखी रुतून बसली. घरी येऊन मी वहीचे पान मधोमध दुमडले. एका बाजूस लाभ, दुसरीस हानी. यंत्र तर चालते आहे. मग चालत्याला हात का लावावा? पण आज चालणारे उद्या अवचित थांबले तर? तेव्हा बदल करणे भाग पडेल, आणि भाग पडून केलेला बदल हा बदल नसून पराभवच नव्हे काय? उलट, जे बोटांना ठाऊक आहे ते आपण होऊन हिरावून घेणे, आणि तेही बहात्तर वर्षांच्या बोटांपासून, याला सुधारणा कोणत्या तोंडाने म्हणावे? दोन्ही बाजूंना सात-सात कारणे भरली. परीक्षेत असा समसमान निकाल लागला तर काय करावे, हे मला कुणी शिकविलेले नाही. सुशीलेने ते पान पाहिले आणि एवढेच विचारले, की ज्यांचा रेडिओ त्यांना विचारले का? मी म्हणालो, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. ती काही बोलली नाही. तिचे ते न बोलणे मी संमती समजलो. माझी चूक तेथेच झाली.

त्यानंतरचे दोन महिने माझे चित्त एका जागी ठरले नाही. पाढे म्हणून घेताना कान घराकडे लागत. संध्याकाळी रेडिओ चांगला वाजला की मी निर्णय पुढे ढकली, खरखरला की दुसऱ्या दिवशीची बस मनात धरी, आणि सकाळी पुन्हा नीट वाजला की बस सोडून देई. आपल्यापैकी किती जण असे मनातल्या बसने रोज जातात आणि रोज परततात! तूर कापून झाली, हरभरा उपटून झाला, शेते मोकळी झाली. मी मात्र दुमडलेल्या पानाच्या घडीवरच उभा होतो.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. भर दुपारी घरी आलो. डायल उजळलेली होती, कोलंबो आणि इंदूर लखलखत होते, बाबांचा तळहात रेडिओच्या माथ्यावर होता. पण आवाज नव्हता. ते त्या मूक यंत्रापुढे ताठ बसले होते, समोर कुणी बोलत असावे तसे. मी पाय न वाजवता आत गेलो. सुशीलेने चुलीवरून मान न वळवता सांगितले, की दीड महिन्यापासून असेच आहे. सकाळ-संध्याकाळ तेवढा धड वाजतो. दुपारी यंत्र तापले की पाव तासात बसते. मग बाबा तसेच बसून राहतात, कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत. मास्तरला सांगू नको, तो जिवाला लावून घेईल, असे त्यांनी तिला बजावले होते.

मी त्यांच्यापासून लपवीत होतो, ते माझ्यापासून! एका छपराखाली दोन माणसे परस्परांना जपण्यासाठी एवढी गप्प राहिली, की मध्ये सुशीलेला दोघांचेही ओझे वाहावे लागले.

मी बाबांपुढे बसलो आणि सारे सांगितले: नळी, प्लेट, हरवणारे साडेतीन वळसे, दुमडलेले पान. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग बटन बंद केले. टक् असा आवाज झाला आणि काचेवरची नगरे विझली.

"छप्पनले आमी घरातले देव नदीत सोडले," ते म्हणाले, "पिढ्याईचे होते. एका सकाळी. अन् तू एका खोक्याले भिऊन राह्यला?"

त्या वर्षी आमच्या वस्तीने एकमुखाने नवा धम्म स्वीकारला. मी तेव्हा शाळेत होतो. मला पांढरी वस्त्रे आठवत होती, उंच स्वरातली वंदना आठवत होती, वडीलधाऱ्यांच्या चालण्यात आलेला एक ताठपणा आठवत होता. पुढे मी मास्तर झालो तोही त्याच ताठपणाचा एक अंश. पण त्या सकाळी, पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या मनात काय झाले असेल, हे मी कधी विचारले नव्हते. आता विचारले. भीती नाही वाटली?

"वाटली नाही तं काय. पण वाटते म्हणून थांबलो असतो तं तू आज कोनाची तूर कापत असता?" त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले. "हात मातर ऐकत नव्हते. आंघोळ झाली का देवाच्या त्या रिकाम्या कोनाड्याकडं जात. वर्षभर गेले. मंग नाही गेले."

सोमवारी मी रजा काढली. वाकळ, बस, रिसोड. करीमभाईंनी एका दिवसात काम केले, आणि पाचही नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती दिल्या. का दिल्या ते मी विचारले नाही, आणि का घेतल्या ते त्यांनी.

येथे गोष्ट सुखाने संपावी असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण पहिल्या दुपारी बाबांनी साडेतीन वळसे मोजले आणि मूठ तिसऱ्याच्या आधीच अडली. दुसऱ्या दिवशी नुसती शिटी. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा अनोळखी भाषेतले भाषण त्यांनी बराच वेळ ऐकले. माझा हात मदतीला पुढे गेला, तो त्यांनी बाजूला सारला. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. ते पुन्हा ओसरीच्या खांबाला टेकून बसू लागले, आणि मी कपाटातली पाच नळ्यांची पुडी दोनदा काढून दोनदा ठेवली. करीमभाईंना परत सांगावे का, सारे पूर्ववत करा म्हणून? बहात्तराव्या वर्षी एका माणसाला आपण वरच्या वर्गात घातले आणि तो तेथे हरवला, तर तो दोष कुणाचा?

नवव्या दिवशी मी फाटकाशी होतो. आधी खरखर आली, मग ती सरकत सरकत पातळ झाली, आणि नागपूर लागले. बाबांनी मूठ डावीकडे अडेपर्यंत नेली, पुन्हा मोजीत आणली, पुन्हा लावले. तिसऱ्यांदाही लावले. मग माझी चाहूल घेऊन, हिशेब पक्का झाल्याच्या स्वरात म्हणाले, "पावणेदोन."

रेडिओ आता बटन फिरविताच बोलतो. तरीही रोज बातम्यांपूर्वी एक मिनिट आधीच आमची भांडी थांबतात, आणि आवाज आमच्या शांततेच्या आत येऊन आदळतो. बाबांनी माथ्यावर तळहात ठेवणे कधीच सोडून दिले. त्यांच्या हातांना बदलाचा सराव आहे. आज सकाळी मी रेडिओवरची धूळ पुसत होतो. तिला आता गंध नाही. पुसून झाले, फडके खाली ठेवले, बटन फिरविले, आवाज आला. आणि माझ्या ध्यानी आले की माझा उजवा तळहात त्या थंड लाकडावर ठेवलेला आहे आणि मी ऊब वर येण्याची वाट पाहतो आहे.

मी तो उचलला नाही. अजून वर्षभर हात असाच जाईल. मग जाणार नाही.