दाजींचं मत

बुऱ्हाणपूर शहरात स्वतःचं मत नसलेला सुशिक्षित माणूस एकच आहे, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. बाकी गावात मतांना तोटा नाही. बुधवाऱ्यात माझं साड्यांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढता माणसं देशाचं काय करावं, केळीच्या भावाचं काय होणार आणि माझ्या पोटाचा घेर कसा कमी करावा, हे सगळं सांगून टाकतात. मी स्वतः तर मत देऊनच पोट भरतो. बाई गादीसमोर बसली की तिला जांभळा शोभतो की मोतिया, हे तिच्या आधी मी ठरवलेलं असतं. अशा घराण्याला जावई मिळाला तो समाजकार्याचा प्राध्यापक. त्यांच्या शास्त्रात म्हणे पहिला नियम असा, की समोरच्या माणसाचा निर्णय त्याचा त्यानंच घ्यायचा. आपण फक्त ऐकायचं, विचारायचं आणि सोबत बसायचं. इतर प्राध्यापक असले नियम वर्गात शिकवतात आणि घरी येऊन विसरतात. दाजींनी ते घरी आणले, जेवायच्या पाटावर बसवले आणि पार देवघरापर्यंत नेले.

दाजींना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘तुम्हाला काय वाटतं?’ एकदा आम्ही दोघे स्टेशनवरून रिक्षानं येत होतो. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘सर, अंदर से लूं या बाहर से?’ दाजी पुढे झुकून मोठ्या आस्थेनं म्हणाले, ‘आपको क्या ठीक लगता है?’ त्या बिचाऱ्याला जन्मात कुणी असं विचारलं नसावं. त्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि त्याला काय काय ठीक वाटतं ते सांगायला सुरुवात केली. त्यात रस्ता शेवटी आला. आधी त्याचा धाकटा भाऊ, सासुरवाडी आणि गुडघेदुखी होऊन गेली. मी घड्याळ बघत चडफडत होतो. दाजी मात्र हुं हुं करत ऐकत होते. घरी पोचलो तेव्हा ताईनं वाढलेली ताटं झाकून ठेवली होती आणि तोंड उघडं ठेवलं होतं.

ताईचा तर संसारच या प्रश्नावर चालला. भाजी कोणती करू? तुला काय वाटतं? पडद्याचं कापड कोणतं घेऊ? तुला काय वाटतं? लग्नानंतर दोघं पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा ताईनं लाजत दोन साड्या खांद्यावर टाकून विचारलं होतं, ‘सांगा ना, कोणती?’ दाजींनी दोन्ही साड्यांकडे सारख्याच प्रेमानं पाहिलं आणि म्हणाले, ‘तुला जी आवडेल ती.’ ताईनं दोन्ही खाली ठेवल्या. त्या दिवशी तिनं काहीच घेतलं नाही. पुढे ती एकटीच यायला लागली आणि साडी मी ठरवायला लागलो.

पण या माणसाची टिंगल करताना माझी जीभ एका जागी अडखळते. माझी आई शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा दाजी रोज संध्याकाळी कॉलेजातून थेट आमच्याकडे यायचे आणि तिचे पाय चेपायचे. जावयानं पाय चेपले की आईला कसंसंच व्हायचं. दाजी विचारायचे, ‘आई, जोरात दाबू की हळू? आधी उजवा की डावा? खिडकी उघडी हवी का?’ पहिले काही दिवस आईला उत्तरच देता येईना. आमच्या आईला सबंध आयुष्यात, तिला काय हवं हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिला नेहमी सांगत आलो. मग हळूहळू तिला सवय झाली. ‘डावा आधी. आणि खिडकी उघड, नदीचा वारा येऊ दे,’ असं ती राणीसारखी सांगायला लागली. गेली तेव्हा ती फार समाधानानं गेली. हे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही.

कामातही त्यांचं तेच. राजपुऱ्यात एका यंत्रमाग कामगाराचं आणि त्याच्या बायकोचं इतकं बिनसलं, की दोघांचे नातेवाईक काठ्या घेऊनच आले होते. दाजी दुपारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. आधी बायकोला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मग नवऱ्याला, तुम्हाला काय वाटतं? मग पुन्हा बायकोला. दिवे लागायची वेळ झाली, काठ्या घेऊन आलेली माणसं कंटाळून चहाला गेली, तरी हे चाललेलंच. शेवटी ती बाई नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, आता यांना सांगा बरं, आपलं मिटलं म्हणून. हे काही जाऊ नाही राहिले.’ तो संसार आजही सुरळीत चालू आहे. दर दिवाळीला त्या घरून दाजींकडे दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा येतो, आणि त्यात आमचाही वाटा असतो.

देवाशीही त्यांचा व्यवहार याच तत्त्वावर. पहाटे राजघाटावर तापीत बुडी, परत येताना तांब्याभर पाणी, मग तासभर पूजा. थंडी असो की अंगात कणकण, यात खंड नाही. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला रोज वस्त्र घालायचं, तर दाजी एका हातात पिवळं आणि एका हातात निळं घेऊन त्याच्यापुढे बसायचे आणि वाट बघायचे. दिवा एका बाजूला लवला, घंटीवर माशी बसली, खिडकीतून कावळा ओरडला, असं काहीतरी झालं की त्यांना कौल मिळायचा. मी एकदा विचारलं, ‘दाजी, इतकी पूजा करता, देवाकडे काही मागता का?’ ते दचकलेच. म्हणाले, ‘छे, मागणं म्हणजे त्याच्यावर दबाव आणणं झालं. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा.’

अशा माणसाचं सगळं सुखात चाललं होतं, आणि गेल्या वर्षी पुण्याला त्यांच्या मुलाला मुलगी झाली. सून नोकरीवाली, मूल लहान. मुलानं आईला बोलावलं. चार महिने म्हणता म्हणता त्यात वर्ष जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. दाजी नुकतेच निवृत्त झाले होते, म्हणजे तेही जाऊ शकले असते. पण त्यांचे थोरले भाऊ नाना, लग्न न केलेले, अर्धांगवायूनं याच घरात पडून आहेत. त्यांचं अंघोळ-पाणी, दाढी, घास भरवणं सारं दाजी स्वतःच्या हातानं करतात, आणि नानांना बुऱ्हाणपूर सोडून कुठं हलायचं नाही. म्हणजे ताई गेली तर एकटी जाणार, आणि मागे हे दोघे भाऊ राहणार.

ताईनं विचारलं, ‘जाऊ का?’ दाजी म्हणाले, ‘तुला काय वाटतं?’

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक बसलेलं, तरी तिथंच डोळ्याला पदर लावून म्हणाली, ‘अरे, मी रोज विचारू राहिली, आणि हे रोज मलाच विचारू राहिले. मतलब मी गेले काय, राहिले काय, यांना सारखंच?’

मी म्हटलं, ‘मग नको जाऊस.’

‘जायचं तर आहेच मला. नात आहे माझी!’ ताई माझ्यावरच खेकसली. ‘पण यांनी एकदा म्हणावं ना, जाऊ नको म्हणून. बस, एकदा. मग मी खुशाल जाईन.’

गिऱ्हाईक बाई साडी सोडून ताईकडे बघत होत्या. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते बरोबर समजलं होतं. मला समजायला थोडा वेळ लागला, आणि दाजींना समजेल की नाही याची मला खात्रीच नव्हती.

संध्याकाळी मी दाजींना राजघाटावर गाठलं. ते पायरीवर बसून पाण्याकडे बघत होते. मी नेहमीसारखा तावातावानंच सुरू झालो. ‘दाजी, निर्णय नाही विचारत मी. तुम्हाला आतून काय वाटतं ते सांगा. ताई जावी असं वाटतं?’

पाण्यावरची नजर न काढता ते म्हणाले, ‘मी काय वाटतं ते बोललो, तर ती जायचीच नाही. ओळखतो ना मी तिला. मग त्या लेकराला आजी मिळायची नाही, आणि हिला नात. माझ्या वाटण्यापायी मी तिचे हात कसे बांधू?’

माझा ताव तिथंच उतरला. इतकी वर्षं ज्याला मी मत नसलेला माणूस समजत होतो, तो मत दाबून बसला होता. मग मी त्यांना ताईचं म्हणणं सांगितलं. तुम्ही जाऊ नको म्हणालात, तर ती जाईल. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि गोंधळून म्हणाले, ‘हे कुठल्याच पुस्तकात नाही.’

ताई निघायच्या आदल्या दिवशी दाजी माझ्या दुकानात आले. एकटे. चपला काढून गादीसमोर बसले आणि म्हणाले, ‘साडी दाखव.’ मी मुकाट्यानं साड्या टाकायला लागलो. सुती, रेशमी, महेश्वरी, सगळ्यांचा ढीग झाला. ‘तुला काय वाटतं’ हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत येत होते आणि ते गिळत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. तिथं एक पोपटी साडी होती, भडक नारिंगी काठांची. ती कुणी मागवली आणि का मागवली, हे आमच्या दुकानाला पडलेलं जुनं कोडं आहे. उघडून दाखवली तर गिऱ्हाईक उठून जायचं.

‘ही,’ दाजी म्हणाले.

माझ्या आयुष्यभराचा धंदा माझ्या जिभेच्या टोकावर आला. ‘दाजी, नक्की? ताईला हा रंग...’

‘माझं मत आहे,’ दाजी म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाला जरा घाबरले. ‘बांधत बसू नकोस. अशीच दे. नाहीतर रस्त्यात मी कुणाला तरी विचारीन.’

मी दुकान नोकरावर सोडून त्यांच्याबरोबर गेलो. ताई बॅगेत मेथीचे लाडू भरत होती. दाजींनी साडी तिच्यापुढे धरली. ‘ही तुझ्यासाठी. मला वाटलं, तुला छान दिसेल.’ मग त्यांचं लक्ष त्या बॅगेकडे गेलं, आणि जे पाठ करून आले असतील ते सगळं विसरून ते म्हणाले, ‘आणि मला वाटतं, तू जाऊ नये.’

ताई मटकन खाटेवर बसली. आतल्या खोलीतून नानांचा जड जिभेचा आवाज आला, ‘बोलला का शेवटी!’ ताई रडत होती की हसत होती, सांगता येईना. साडी तिनं उराशी धरली होती, आणि त्या भयंकर नारिंगी काठावर ती हात फिरवत होती.

‘मग जाऊ ना मी?’ तिनं विचारलं.

‘जा,’ दाजी म्हणाले. एका दिवसातलं तिसरं मत.

ताई ती साडी नेसून पुण्याला गेली. गाडी हलली तरी खिडकीत तो पोपटी पदर लांबवर दिसत होता. साड्यांतलं मला कळतं असा माझा समज आहे, पण ताई इतकी छान दिसलेली मी तरी पाहिली नव्हती.

परवा सकाळी दाजींकडे गेलो. घर नीटनेटकं होतं, पण बाई नसलेल्या घराचं नीटनेटकेपण वेगळंच असतं. सगळं जागेवर, आणि हाताशी काहीच नाही. नानांची दाढी चालली होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या अंगावर पोपटी वस्त्र, काठ नारिंगी. ताईनं जाण्याआधी ब्लाउजपीस कापून स्वतः शिवलेलं.

‘आज घंटीवर माशी बसली वाटतं?’ मी चिडवलं.

‘नाही. आता मीच सांगतो त्याला, आज हे घाल म्हणून. रोज हेच.’ मग वस्तरा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘काल तिला फोनवर म्हटलं, आता ये.’

‘ताई काय म्हणाली?’

‘म्हणाली, आधी सांगा, तुम्हाला काय वाटतं?’

‘मग?’

‘मग सांगत बसलो. फोन बंद पडेपर्यंत.’ दाजींनी नानांच्या गालावरचा साबण टॉवेलानं हलकेच टिपला. ‘मला इतकं सगळं वाटत होतं रे, हे मलाच ठाऊक नव्हतं.’