फिलोमिनाबाईंच्या गळ्यातला फोन

आमच्या मुख्याध्यापिका फिलोमिनाबाई साळवे यांच्या गळ्यात एक कापडी पिशवी असते. जुन्या साडीची, घरीच शिवलेली. तिच्यात त्यांचा फोन. राहुरीच्या अलीकडे, कालव्याकाठी असलेल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेचा सगळा कारभार त्या पिशवीत मावतो. मुलांची हजेरी फोनवर, खिचडी किती जणांनी खाल्ली ते फोनवर, लावलेलं झाड जगलं की वाळलं तेही फोनवर. फोनमध्ये जागा पुरेना, तेव्हा बाईंनी नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो काढून टाकले आणि खिचडीचे ठेवले.

मला या ॲपांचा मनापासून राग येतो. ते गोल फिरणारं चक्र दिसलं की माझंही डोकं फिरतं आणि तोंडातून जे निघतं, ते मुलांनी ऐकण्यासारखं नसतं. बाई मात्र ॲप उघडण्याआधी कपाळावर क्रूस करतात आणि त्या चक्राला म्हणतात, "फिर बाबा, निवांत फिर." त्यांचा हा निवांतपणा बघून मी आणखीच चिडतो.

गेल्या वर्षी वाचन तपासणीचं नवं ॲप आलं. मुलानं फोनसमोर वाचायचं आणि ॲपनं ऐकून त्याची पातळी ठरवायची. बाकीची मुलं भराभर वाचून मोकळी झाली. राहिली दुसरीतली दिशा. ही पोरगी शाळेत बोलायचीच नाही. पहिलीत आली तेव्हापासून एक अक्षर नाही. तिची हजेरी शेजारची निकिता द्यायची. तहान लागली की दिशा माठाकडे बोट दाखवायची. फोनसमोर बसवलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि ॲप सांगायचं, आवाज ऐकू आला नाही. महिनाअखेरपर्यंत ती बोलली नाही तर तिच्या नावापुढे 'वाचता येत नाही' असा शिक्का बसणार होता.

बाईंनी तिच्या आईला, आरतीला, शाळेत बोलावून घेतलं. ती तर उलटंच सांगू लागली. "बाई, घरी हिचं तोंड मिटत न्हाई. गाईला सुदीक धडं वाचून दावती."

मला काही हे पटलं नाही. आपलं लेकरू घरी हुशारच असतं, असं प्रत्येक आई सांगते. बाईंनी मात्र तिच्या फोनमध्ये आपला नंबर घातला आणि गोठ्यातलं वाचन रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपताच बाईंनी मला ते ऐकवलं. गाईच्या गळ्यातली घंटा, मागे कुठंतरी ट्रॅक्टरची घरघर, आणि मधोमध दिशा खणखणीत आवाजात कोल्ह्याचा धडा वाचत होती. मधूनच थांबून गाईला अर्थ समजावत होती. वर, "चांदे, हिकडं ध्यान दे, खिडकीत काय हाय?" असं दटावतही होती. तो दटावणीचा सूर थेट माझा होता. बाई हसून हसून बाकावर बसल्या आणि मलाही हसू आवरेना.

मी लगेच उपाय सुचवला. हेच रेकॉर्डिंग माझ्या फोनवरच्या ॲपला ऐकवू, काम संपलं. बाईंचं हसू थांबलं.

"सर, ॲपचं काम होईल," त्या म्हणाल्या. "पण पोरगी शाळेत मुकीच राहील. मग मी इथं कशाला बसलेय?"

त्या संध्याकाळी बाईंनी दिशाला आवाजी मेसेज पाठवला. धडा आवडला, पण चांदीला कोल्हा आवडला का ते विचारून सांग, असं त्यात होतं. चांदीचं उत्तर तासाभरात आलं. मग रोज संध्याकाळी तिघींच्या गप्पा सुरू झाल्या. बाई, दिशा आणि गाय. सकाळी शाळेत मात्र दिशा पुन्हा गप्प.

मग बाईंनी पुढची युक्ती काढली. आपला फोन दिशाच्या हातात देऊन तिला ऑफिसात बसवलं, माझा फोन घेऊन स्वतः वर्गात बसल्या, आणि भिंतीपलीकडून मेसेज सुरू केले. दिशा बोलली. आठवडाभरानं ऑफिसचं दार उघडं ठेवलं. मग व्हरांडा, मग वर्गाचा उंबरा. शेवटी दोघी एकाच सतरंजीवर शेजारी बसल्या, तरी दिशा फोन तोंडाशी धरून कुजबुजायची आणि बाई माझा फोन कानाला लावून ऐकायच्या. मला ते सगळं वेडेपणाचंच वाटत होतं. शिवाय माझं नेट संपत होतं.

महिना संपत आला होता. त्या दिवशी चांदी दावं तोडून उसात शिरल्याची गोष्ट चालली होती. चांदी उसात, मागून दिशाचे आजोबा काठी घेऊन, आणि पुढं काय झालं हे दिशानं फोनमध्ये सांगितलं. पण मेसेज जाईना. आमची रेंज नेहमीप्रमाणे ऐन वेळी गेली होती. दिशा फोनकडे बघत राहिली, मग बाईंकडे. बाई फोन कानाला लावून तशाच बसल्या होत्या. चांदी उसात अडकून पडली होती आणि गोष्ट पोटात मावत नव्हती. शेवटी दिशानं बाईंचा पदर ओढला.

"बाई, रेंज न्हाई."

सगळा वर्ग माना वळवून तिच्याकडे बघू लागला. माझ्या हातातला खडू हातातच राहिला. बाईंनी कानाचा फोन शांतपणे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मग तोंडानंच सांग."

तिनं सांगितलं. आजोबा चिखलात कसे बसले, तेही करून दाखवलं. ज्या रेंजला मी रोज शिव्या घालतो, तिच्यावर त्या दिवशी माझा जीव जडला. दुपारी रेंज आल्यावर दिशानं ॲपसमोर अख्खा उतारा वाचला. ॲपनं हिरवी खूण दाखवली. मला त्या खुणेचं आता काहीच वाटत नव्हतं, आनंद आधीच होऊन गेला होता.

परवा दुपारी बाई खिचडीची माहिती भरत होत्या. चांदीला वासरू झालेलं, त्याची कहाणी दिशा बाईंच्या खांद्याशी उभी राहून सांगत होती. ठिपके कुठं कुठं, दूध कसं प्यालं, उभं राहताना कसं पडलं. बाईंचा आकडा पुन्हा पुन्हा चुकत होता.

"दिशा, जरा गप बस गं," बाई म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं. माझंही तेच झालं होतं. त्यांनी फोन पिशवीत टाकला, दिशाला जवळ ओढलं आणि वासराचं नाव काय ठेवलं ते विचारलं.

माहिती का आली नाही म्हणून तालुक्यावरून फोन आला, तेव्हा तो मीच उचलला आणि सांगितलं, रेंज नव्हती.